अंगठ्यांची पेटी

नोटीस आली ती सुक्या जवळ्याच्या पिशवीतून.

रविवारी सकाळी जनी पनवेलला लेकीकडे आली. तीन मजले चढून दारात धापा टाकत उभी राहिली आणि चप्पल काढायच्या आधीच नातीला हाका मारू लागली, "समू गो! माजी बाय ती! आजी आयली बग!" समृद्धीला नुकताच आठवा महिना लागला होता, दात येत होते, हाताला लागेल ते तोंडात जात होतं. भाविकाने तिला आईच्या मांडीवर दिलं आणि पिशवी रिकामी करायला घेतली. जवळा, दोन नारळ, शेवग्याच्या शेंगा, आणि तळाशी चार घड्या घातलेला एक सरकारी कागद.

"ह्यो काय आये?"

"लाइटबिल असंल. तलाठ्याचा मानूस देऊन गेला. मी बोलले, पोरीकडं जातेच हाय तर वाचून आनते."

"लाइटबिल तलाठी कशाला देईल?"

"मना काय म्हाईत! आजकाल कोन काय हातात ठेवंल त्याचा नेम नाय."

भाविकाने कागद उलगडला. एकदा वाचला, मग खिडकीजवळ जाऊन पुन्हा वाचला. मौजे वाघखार येथील जनीच्या नावची चौदा गुंठे जमीन तिच्या वतीने कुलमुखत्यार कमळाकर यांनी विकली असून, नव्या मालकाचं नाव लावण्यास कुणाची हरकत असल्यास गुरुवारी अकरा वाजता पनवेलच्या कचेरीत हजर राहावे. कुलमुखत्यार म्हणजे ज्याला आपण सगळे अधिकार लिहून दिले तो माणूस. आणि ते लिहून देताना समोर कोण बसलं होतं, हे भाविकाला कुणी सांगायची गरज नव्हती.

"किती आलाय?" जनीने विचारलं.

समूने आजीचा पदर तोंडात कोंबला होता. भाविकाने कागदाची घडी जशी होती तशीच घातली.

"बरंच आलंय, आये," ती म्हणाली. "मी बघते काय ते."

बारा वर्षांपूर्वी भाविका कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती आणि सगळ्या वाघखारमध्ये तिच्याइतकं देखणं अक्षर कुणाचं नव्हतं. खाडीकाठच्या जमिनींवर गोदामं बांधायला तेव्हा एक कंपनी उतरली होती. तिचे दलाल गावाशी बोलायचे नाहीत, एकेकाला गाठायचे. ह्याच्या पोराला मोटारसायकल, त्याच्या बायकोला गळ्यातलं, आणि चहा पिता पिता सही. शेजारची दोन गावं अशी आतल्या आत पोखरली गेली होती. भाऊ भावाच्या बांधावर जात नव्हता.

कमळाकरभाऊ त्या वेळी गोदीतून संपात काढलेला माणूस. अंगावर एकच खाकी शर्ट, पायात रबरी चप्पल. कुणाच्याही घरी जमिनीवर बसून सुकटभाकर खायचा आणि ताट स्वतः धुवायचा. बोलायला उभा राहिला की मिठागरावरच्या बायका टोपल्या खाली ठेवायच्या. त्याने खारभूमी कष्टकरी सभा काढली. लाल झेंडा, त्यावर मीठ ओढायचं पांढरं फावडं. घोषणा एकच: जमीन आमची, गोदाम बी आमचा! गोदामं बांधा, पण गावाच्या मालकीची; त्यात हमाल आम्हीच आणि मालकही आम्हीच. पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या मिठागरावर तळपाय खारवून घेतलेल्या लोकांना हे असं काही भिडलं की विचारू नका. पहिल्याच मोर्चाला अकरा हजार माणसं पनवेलच्या रस्त्यावर उतरली. रिक्षावाले लाल झेंडेवाल्यांकडून भाडं घेईनात. जनीला पोलिसांनी गाडीत घातलं तेव्हा तिच्या पिशवीत भाकरी होती. ती कोठडीत बसून शेजारच्या कुमुदबरोबर वाटून खाल्ली, आणि पुढे कित्येक वर्षं ती गोष्ट सांगताना जनीचा आवाज वर चढत असे. "फौजदार मिरची मागायला आयलता! मी बोलले, आदी झेंडा हातात घे, मंग मिरची!" दोन वर्षांत आजूबाजूच्या सगळ्या ग्रामपंचायती सभेच्या झाल्या.

पेटीची कल्पना भाऊंचीच. दलालाने एकेकाला फोडू नये म्हणून प्रत्येक घराने आपली जमीन विकायचा अधिकार सभेच्या नावे लिहून द्यायचा आणि ते सगळे कागद एका लोखंडी पेटीत बंद ठेवायचे. "दलाल दारात आला की बोलायचं," भाऊ शाळेच्या ओट्यावरून म्हणाले होते, "माज्या हातात काय नाय बाबा, माजा अंगठा पेटीत हाय!" लोक खदाखदा हसले. पुढे तो गावाचा चावट बोलच होऊन गेला. बायकोने नवऱ्याला पाणी भरायला सांगितलं तरी उत्तर यायचं, माझा अंगठा पेटीत हाय.

फक्त कागदांवर मजकूर नव्हता. गावसभेच्या ठरावाशिवाय तसूभरही जमीन विकता येणार नाही ही अट घालून वकील मसुदा करत होता, त्याला महिना लागणार होता आणि दलाल पुढच्याच आठवड्यात येणार होते. तेव्हा आधी अंगठे घ्या, भाऊ म्हणाले, मजकूर मग चढवू. शाईचा डबा घेऊन भाविका घरोघर फिरली. तीनशे बारा कोरे स्टँपपेपर. प्रत्येकाच्या तळाशी मालकाचा अंगठा किंवा सही आणि खाली साक्षीदार म्हणून भाविकाची सही, 'भ'ला डौलदार वळण देऊन. लोक कचरू नयेत म्हणून पहिला अंगठा तिने आपल्या आईचा घेतला.

एकट्या गणूकाकाने दिला नाही. तो दारात बसून जाळं विणत होता. त्याने कागद हातात घेतला, उलटा केला, पालटा केला, उन्हात धरला.

"ह्यावर तर काय लिवलाच नाय."

"मागाहून लिहिणार आहेत, काका. भाऊंवर विश्वास नाही का?"

"भाऊवर हाय. कागदावर नाय. तू अट लिवून आन, मंग अंगठा काय, आख्खा पंजा देतो."

त्या संध्याकाळी सभेत ठराव झाला. गणूच्या घराशी रोटी, पाणी, बोलणं बंद. निरोप सांगायला भाविकाच गेली आणि येता येता त्याच्या भिंतीवर गेरूने एक शब्द लिहून आली. फितूर. अक्षर नेहमीसारखंच, मोठं आणि रेखीव. महिन्याभराने त्याच्या पोरीची हळद झाली. ज्या गावात हळदीला दोनदोन हजार पानं उठतात, त्या गावात त्या मांडवात गणू, त्याची बायको, नवरी आणि वाजंत्री एवढीच माणसं होती.

पेटी मात्र वाजतगाजत निघाली. टेम्पोला केळीचे खांब बांधून, बायकांनी कुंकू लावून ओवाळून, पनवेलच्या सभेच्या कचेरीपर्यंत.

मग काय झालं ते एका दिवसात झालं नाही, म्हणून कुणाला दिसलंही नाही. आमदारकीला भाऊ थोडक्यात पडले. कोर्टात तारखांवर तारखा लागल्या. वकिलाचा मसुदा झाला की नाही, कुणी विचारलं नाही. पोरं मोठी झाली, त्यांना गोदामाची मालकी नको होती, पगार हवा होता; भाऊ म्हणाले, आधी नोकरीने आत शिरू, मग ताबा घेऊ. नोकऱ्यांच्या चिठ्ठ्या निघाल्या. ज्यांना मिळाल्या ते गप्प बसले, ज्यांना नाही मिळाल्या ते दुसऱ्या पक्षात गेले. भाऊंनी सत्तेतल्यांशी हातमिळवणी केली तेव्हा सांगितलं, ही तात्पुरती आहे. शेवटच्या मोर्चाला सतरा माणसं होती आणि त्यांतली दोन भाऊंकडे लाइटच्या मीटरच्या कामासाठी आली होती. तोवर भाविकाचं लग्न झालं होतं. नवरा प्रणित कंटेनर यार्डात सुपरवायझर. ती चिठ्ठीही भाऊंचीच. म्हातारी माणसं थकतात तशी सभा थकली, असं ती मनाशी म्हणायची. पेटीची आठवण तिला एकदाही झाली नाही.

सोमवारी तिने तलाठ्याकडून कागदाची नक्कल मिळवली. वरचा सगळा भाग आता टाइप केलेल्या मजकुराने गच्च भरला होता. विकण्याचे, गहाण टाकण्याचे, ताबा देण्याचे सर्व अधिकार, तेही सभेच्या नाही, एकट्या कमळाकरभाऊंच्या नावे. गावसभेचा शब्दही नव्हता. मजकूर अंगठ्यावर येऊ नये म्हणून शेवटच्या चार ओळी दाटून बसवल्या होत्या. खाली आईचा अंगठा, जरा तिरका, कारण त्या दिवशी ती मासळी निवडत होती आणि हात ओला होता. त्याखाली डौलदार 'भ'.

मंगळवारी ती भाऊंकडे गेली. समूला कडेवर घेऊनच. ठेवायला कुणी नव्हतं.

कचेरी आता नव्या इमारतीत होती. थंडगार. भाऊ उठून समोर आले, केस पांढरे, अंगावर कडक इस्त्री. "अगो भाविका! आणि ही कोण आली आमची नवीन कार्यकर्ती?" त्यांनी समूला असं सहज घेतलं की तिने लगेच त्यांची सोन्याची साखळी तोंडात घातली. कोपऱ्यात ती लोखंडी पेटी होती. कुंकवाचा डाग अजून दिसत होता. तिच्यावर चहाचं मशीन ठेवलं होतं.

"भाऊ, आईचा कागद परत द्या."

"कागद? ने की." त्यांनी मशीनवाल्याला हाक मारली, पेटी उघडायला लावली आणि दोन मिनिटांत तो स्टँपपेपर तिच्या हातात आलाही. भाविका बघतच राहिली. मग तिच्या लक्षात आलं, त्याचं काम झालेलं होतं.

"आणि हा तिचा चेक. म्हातारीला बँकेत घेऊन जा, रांगेत उभं करू नको."

"आपण गोदामं गावाची करणार होतो ना, भाऊ?"

"होतो." त्यांनी समूच्या तोंडातून साखळी अलगद सोडवली. "बारा वर्षं कोर्टात भांडलो. माझी बायको गेली त्या दिवशीही तारखेला उभा होतो. शेवटी मागे वळून पाहिलं तर सतरा डोकी. तू होतीस का त्या सतरात?"

भाविकाने हातातल्या स्टँपपेपरची घडी घातली.

"नव्हतीस. मी दोष देत नाही. पण मग एकट्याने जे जमलं ते केलं. चारशे पोरं आज कामाला आहेत. तुझा नवरा आहे. हमाल तरी झालो आपण त्या गोदामात, मालकीचं राहू दे."

"मालक कोण आहे?"

"माझ्या मुलाचा भाग आहे थोडा." हे त्यांनी लाजून नाही, थकून सांगितलं. "कुणाचा तरी असणारच होता."

"कागद कोरा होता, भाऊ. मी गुरुवारी तसं सांगणार आहे."

भाऊंनी समूला तिच्याकडे परत दिलं. आवाज तसाच मऊ होता. "सांग. पण साक्षीदार म्हणून सही तुझी आहे. मजकूर वाचून दाखवला, असं त्या सहीच्या वर छापलंय. कोरा होता म्हणशील तर खोटी साक्ष आधी तुझीच ठरेल. अंगावर पिणारं पोर आहे तुझं. आणि तीनशे घरांचे चेक अडकतील, ते तुला फुलं वाहणार नाहीत."

चेक तिने टेबलावरच ठेवला.

प्रणितने सगळं ऐकून घेतलं. तो जेवत होता. घास थांबला नाही, फक्त सावकाश झाला. "तू बोलशील ते खरंच असेल," तो म्हणाला. "पण मग माझं कार्ड गेटवर चालणार नाही. तेवढं लक्षात ठेवून बोल." आणि पुढे, तिच्या पानात मासा वाढत, "मी नको म्हणत नाहीये."

बुधवारी ती वाघखारला गेली ती आईला सांगायलाच. वाटेत डांबरी रस्त्याच्या दोन्ही अंगांना, गावाने यार्डाला भाड्याने दिलेल्या जमिनींवर, कंटेनरच्या भिंती, आणि त्यांच्या मधोमध अचानक एक हिरवा चौकोन. गणूकाकाचं शेत. त्याच्या बांधावर वालाच्या शेंगा लटकल्या होत्या. काका कुंपणाला काटे बांधत होता.

तिने थांबून सगळं सांगितलं. कागद कोरा आहे हे तेव्हा तोंडावर बोलून दाखवलेला माणूस अख्ख्या गावात तोच एक होता. बाकीचे बोलणार नव्हते.

"काका, उद्या साक्षीला याल का?"

गणूने काट्याची गाठ मारली. "तुजा अक्षर लय सुंदर," तो म्हणाला. "दोन वर्सं पुसला नाय मी. माजी बायको बोलायची, पुसा आता. मी बोललो, र्‍हाऊ दे, आपल्याला कोन एवडा मोटा लिवनार."

"चुकले मी, काका."

"चुकलीस. ती हळद परत लागनार हाय का माज्या पोरीला?" तो रागावला नव्हता, हेच वाईट होतं. त्याने ओंजळभर शेंगा तोडून तिच्या पिशवीत टाकल्या. "मी कोनच्याच कागदाला हात लावत नाय, पोरी. तुज्या बी नाय. म्हनून तर हे शेत हाय अजून."

जनी अंगणात जवळा पसरत होती. भाविकाने समूला सावलीत चादरीवर बसवलं आणि काही न गाळता सांगून टाकलं. नोटीस, नक्कल, पेटीवरचं मशीन, चेक. आई ऐकता ऐकता जवळ्यातला कचरा वेचत राहिली.

"भाऊंनी फसवलं आपल्याला, आये," भाविका शेवटी म्हणाली.

"भाऊनी?" जनीने मान वर केली. "भाऊ कुटं आयलता माज्या दारात? मी काय भाऊला अंगठा दिलता? मी तुला दिला."

अंगणात कावळे जवळ्यावर उतरू बघत होते. जनीने हात हलवून त्यांना हुसकलं आणि पुन्हा खाली बघून निवडायला लागली. तिला लेकीला बोल लावायचा नव्हता. तिने फक्त जे झालं ते सांगितलं होतं. भाविकाला मात्र वाटलं, तिने एक थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं.

"उद्या अकराला जायचंय," ती म्हणाली. "येशील?"

"येते. लुगडं बदलून येते."

गुरुवारी कचेरीच्या व्हरांड्यात वाघखारच्या बायका आधीच येऊन बसल्या होत्या. कुणीतरी त्यांना टेम्पो करून आणलं होतं. पुढे कुमुद. हीच जनीबरोबर कोठडीत भाकरी खाल्लेली.

"जने, लेकीला आवर," ती मोठ्याने म्हणाली. "पनवेलला बिल्डिंगीत र्‍हाते ती. आमच्या पोरांची लग्नं हायत. चेक अडकला तर ही येनार हाय का मांडव घालायला?"

"कुमुदकाकी, कमी पैशात गेली जमीन तुमची..."

"गेली ती गेली! तवा तूच आयलतीस ना शाईचा डबा घेऊन? तवा तोंड उगडायचा होता." आणि मग, दुसरीकडे बघत, पण ऐकू जाईल असं, "फितूर कुटली."

भाविकाने समूची टोपी सारखी केली आणि आत गेली.

सुनावणी घेणाऱ्या चारुता मॅडम वयाने तिच्याएवढ्याच होत्या. नोटीस हातात घेतल्यावर त्यांनी नाक आक्रसलं. "ह्याला वास कसला येतोय?"

"जवळ्याचा," जनी म्हणाली. "आनू काय थोडा?"

मॅडमना हसू आलं, त्यांनी ते आवरलं. समोरच्या बाकावर भाऊंचा वकील होता. भाऊ आले नव्हते. मॅडमनी विचारलं, हरकत काय आहे. भाविकाने उभं राहून भाऊंकडून आणलेला स्टँपपेपर टेबलावर ठेवला. समू तिच्या खांद्यावर झोपली होती, लाळेने ब्लाउज भिजला होता.

"ह्या कागदावर साक्षीदार म्हणून माझी सही आहे. मी सही केली तेव्हा हा कागद कोरा होता. हा आणि बाकीचे तीनशे अकरा पण. मी मजकूर वाचून दाखवला नाही, कारण मजकूर नव्हता."

वकील खुर्चीत मागे रेलला. "म्हणजे आपण खोटी साक्ष दिलीत, असं आपणच म्हणता?"

"हो."

"दुसरं कुणी आहे का सांगणारं?" मॅडमनी विचारलं.

दार उघडंच होतं. व्हरांडा गच्च भरला होता आणि तिथून आवाज आला नाही.

"नाही."

 मॅडमनी कारकुनाला जबाब लिहायला सांगितलं. हरकत नोंदवली जाईल, त्या म्हणाल्या, नोंद तूर्त थांबेल. पण व्यवहार रद्द व्हायचा तर दिवाणी कोर्ट. तिथे वेळ लागतो. किती, ते त्यांनी सांगितलं नाही, आणि भाविकाला ते ठाऊक होतं.

कारकुनाने लिहिलेला कागद पुढे सरकवला. "इथे खाली सही. आजींचा अंगठा बाजूला."

त्याने शाईचा डबा उघडला. जनीने हात मागे घेतला.

"आदी वाच," ती लेकीला म्हणाली.

भाविकाने वाचलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकेक शब्द, आईला कळेल असं. कारकून घड्याळ बघत होता. मजकूर अर्ध्या पानावर संपला होता. त्याच्याखाली सहीपर्यंत चार बोटं मोकळी जागा होती.

तिने पेन उचललं आणि त्या मोकळ्या जागेवर, या कडेपासून त्या कडेपर्यंत, तिरकी रेघ मारली. मग आणखी एक. मग खाली सही केली. 'भ'ला वळण दिलं नाही.

"आता दे, आये."

जनीने अंगठा दिला. या वेळी हात कोरडा होता, ठसा सरळ उठला.

बाहेर पडताना बायकांनी वाट दिली, फार रुंद, जशी कुणाचा धक्का लागू नये म्हणून देतात. फाटकाशी येईपर्यंत समू जागी झाली आणि आजीचा काळा अंगठा तिने दोन्ही मुठींत धरून तोंडाकडे ओढला. "अगो, शाई हाय ती, कडू," म्हणत जनीने तो सोडवून घेतला आणि आपल्या धुतल्या लुगड्याला पुसला.

भाविकाचा फोन वाजला. प्रणित होता. ती थोडी बाजूला गेली, ऐकलं, दोनदा हं म्हटलं, आणि परत आली.

"कोन?"

"प्रणित."

"काय बोलला?"

"आज लवकर घरी येतोय म्हणाला."

"बरा झाला," जनी म्हणाली. "शेंगा हायत. जेवायला थांबते मी."